वाद मी जिंकलो, मधू

मधू,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला श्रद्धांजलीची भाषणं झाली. चार जण बोलले आणि चौघांनीही सांगितलं की तू शांत स्वभावाचा होतास, कोणाशी कधी वाद घातला नाहीस. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. ज्यांनी तुझ्या गॅरेजमध्ये कधी पाच मिनिटं काढली नाहीत, ती माणसं माईक धरून तुझा स्वभाव सांगत होती. तू वाद घालत नव्हतास? माझ्याशी तू रोज घातलास. माझं पाइप आणि मोटरपंपाचं दुकान, समोर तुझं गॅरेज, मध्ये फक्त आर्णीचा रस्ता. सकाळी शटर उघडलं की चहा यायच्या आधी तू माझ्या गाडीला नाव ठेवायचास, मी तुझ्या गाडीला ठेवायचो, आणि मग दोघं कामाला लागायचो.

मला उठून सांगावंसं वाटलं की हा माणूस भांडखोर होता, हट्टी होता, आणि एका बाबतीत तर पक्का खोटारडा होता. उठलो नाही. लोकांना वाटलं असतं, वसंताला मित्राच्या दुःखाने भ्रम झाला. म्हणून इथे लिहितो आहे. तू ऐकून घे. मध्ये बोलायची तुझी सवय आता चालणार नाही.

आधी तुझ्या गाडीचं बोलू. तिला कोणी नागपूरकडचा शौकीन बघायला आला की ‘व्हिंटेज’ म्हणायचा आणि तू खूश व्हायचास. बोनेटवरचा कंपनीचा बिल्ला आपण शाळेत असतानाच पडला होता, त्यामुळे ती कोणत्या मेकची यावरसुद्धा तू लोकांशी भांडू शकायचास. काळा रंग, गोल दिवे, दाराखाली पाय ठेवायला लांब पट्टी. वळायचं असलं की दोन दारांच्या मधून एक छोटा हात बाहेर यायचा, तोही डावीकडचाच. उजवीकडे वळताना तू स्वतःचा हात काढायचास. बॅटरी बसली की पुढून हँडल मारायचं. पेट्रोलच्या टाकीला बारीक छिद्र पडलं तेव्हा तू तिथे अंगाचा साबण चोळून बसवलास आणि ती तशीच दोन वर्षं चालवलीस. सीटमध्ये काथ्या होता तो उंदरांनी खाल्ला, तर पिंजाऱ्याला बोलावून माझ्याच शेतातला कापूस भरून घेतलास. बसलं की माणूस खाली जायचा आणि उठायला दुसऱ्याचा हात लागायचा. यावर तू म्हणायचास, "बैठक पाह्य कशी हाये. तुह्या गाडीत हाये का अशी?"

ती तुमच्याकडे कशी आली ते मी पाहिलं आहे. तुझे बाबा कापसाच्या जिनिंग-कारखान्याच्या शेठजींचे ड्रायव्हर. उभा जन्म त्यांनी ती गाडी चालवली, पुसली, धुतली. पण मागच्या सीटवर बसायचं नाही. शेठजींना सोडून गाडी रिकामी परत आणतानाही, रस्त्यात थांबून डबा खातानाही नाही. असं कोणी लिहून दिलं नव्हतं, पण त्यांना आणि शेठजींना दोघांनाही ते माहीत होतं. पुढे जिनिंग बंद पडली, मशिनी विकल्या गेल्या, आणि ही गाडी कोणी नेईना म्हणून शेठजींच्या मुलांनी बाबांना देऊन टाकली. तू काय केलंस? बाबांना पांढरा सदरा घालायला लावलास, मागचं दार उघडलंस, त्यांना बसवलंस आणि आठवडी बाजाराच्या भर गर्दीतून गाडी काढलीस. मी तुझ्या शेजारी पुढे होतो. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते, पाठ टेकवायला तयार नव्हते. तू आणखी एक फेरी मारलीस. तिसऱ्या फेरीला ते मागे रेलले, आणि मी पाहिलं, तुझे डोळे भरले होते. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता, की मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

त्या दिवसापासून ती मागची सीट गावाची झाली. बाळंतीण, नवरदेव, पाय मोडलेली म्हातारी, कापसाची पोती, एकदा तर व्यायलेली शेळी आणि तिची दोन पिल्लं. कोणी विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, "बस ना, काहून पुसतं?"

आता माझी गाडी. बोंडअळीने पिकं खाल्ली त्या सालात मी ती घेतली. शेतावर कोणाचं बरं चाललेलं नव्हतं, पण माझं दुकान चालत होतं. यवतमाळच्या शोरूममधल्या पोराने सांगितलं, ही क्रॉसओव्हर आहे. उंची जीपसारखी, आराम कारसारखा. तू ते ऐकून म्हणालास, "म्हंजे धड जीप नाई अन् धड कार नाई." पांढरी, उंच, आत मोठा पडदा, बटण दाबलं की चालू, चावी खिशातच. मागे घेताना कॅमेरा. आतलं कापड दुधाळ रंगाचं, त्यावर शोरूमचं प्लास्टिक. आपल्याकडे नवीन गाडीचं प्लास्टिक कोणी लगेच काढत नाही. काही जण वर्षभर काढत नाहीत, उन्हाळ्यात पाठ भिजते तरी काढत नाहीत. मीही काढलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तू ती चालवून पाहिलीस. घाटंजीच्या बाजाराला जाताना शेजारच्या सीटवर आपण तुरीची पिशवी ठेवली, तर गाडी टीं-टीं करायला लागली, पट्टा लावा म्हणून. तू हसून हसून गाडी कडेला घेतलीस. "याले मानूस कोन्ता अन् पिशवी कोन्ती, थे समजत नाई बाप्पा." शेवटी त्या तुरीला पट्टा लावला आणि मग ती गप्प झाली. पण परत आलास तेव्हा दार बंद करून तू बोनेटवर हात ठेवलास आणि म्हणालास, "गाडी खरी हाये, वसंता. यवतमाळ अर्ध्या-पाऊण घंट्यात. माह्या गाडीले दीड-दोन लागते. हे मानलं आपुन." हे तुझे शब्द आहेत. नंतर तू ते कधी बोलला नाहीस असं म्हणायचास, पण मी त्या वेळी तिथेच उभा होतो.

आणि मग तो दिवस. आपण दोघं त्यावर कधीच बोललो नाही. बाकी सगळ्या जगावर बोललो.

सुदाम माझ्या शेतात कीटकनाशक फवारत होता. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. आत शिरलेला माणूस दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज पुढे सरकायचा. नाकाला दुपट्टा, अंगात बनियन. हातमोजे मी दिले नव्हते. कोणीच देत नव्हतं, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं समजावलं. जिल्हाभर माणसं औषध अंगात भिनून तशीच पडत होती आणि वर बसलेले सांगत होते की मजुरांनी काळजी घेतली नाही. ज्याच्या पाठीवर पंप त्याच्याच डोक्यावर दोष. माझा संताप व्हायचा ते ऐकून. मी दुकानात बसून मोठमोठ्याने बोलायचो, सरकारला, कंपन्यांना, सगळ्यांना शिव्या द्यायचो. आणि सुदामच्या हाताकडे मात्र बघत नव्हतो.

दुपारी तो शेतात कोसळला. दोघा जणांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं, गावातल्या डॉक्टरांनी बघितलं, सुई दिली आणि सांगितलं, एक मिनिट न घालवता यवतमाळला न्या. रुग्णवाहिका दुसरा पेशंट घेऊन आधीच गेलेली. म्हणून त्याला माझ्या दारात आणलं. माझ्याच शेतातला माणूस, आणि माझ्या दारात गाडी. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने निथळत होतं, मध्येच उलटी होत होती. त्याची बायको वंदना त्याचं डोकं धरून पायरीवर बसली होती.

मी म्हणालो, "थांबा, सीटवर काहीतरी टाकू."

एवढंच म्हणालो, मधू. नाही म्हणालो नाही. दुकानामागच्या घरात गेलो आणि ताडपत्री शोधायला लागलो. कोठीत एक सापडली ती फाटकी निघाली. मग माळ्यावर चढलो. दुसरी मोठी होती, ती झटकली, धूळ उडाली. बाहेरून हँडल मारल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग तुझं इंजिन. ताडपत्री काखेत घेऊन मी बाहेर आलो तेव्हा तुझी गाडी वळणावर गेली होती. पायरीवर उलटीचा डाग होता आणि माझी गाडी होती तशी पांढरी उभी होती.

मी मागून निघालो असतो तर तुला दहा मिनिटांत गाठलं असतं. सुदामला माझ्या गाडीत घेता आलं असतं. मी निघालो नाही. खरं सांगू? मला हायसं वाटलं. तू आहेस, तू नेशील, तुझ्या सीटवर काय काय झालेलं आहे. बाबांनी पाठ टेकवली तेव्हा ज्याला अभिमान वाटला होता तोच मी. मी ताडपत्रीची घडी घातली आणि आत ठेवून दिली.

तुझ्या गाडीचं पाणी वाटेत उकळलं. बोनेट उघडून, हापशीवरून पाणी आणून, थंड करून तू पुढे गेलास. सुदाम वाचला, पण त्याची नजर गेली. पूर्ण नाही, उजेड दिसतो, माणसाचा आकार दिसतो, चेहरा दिसत नाही. तेव्हापासून वंदना एकटी कामाला जाते आणि तो घरी बसून सोयाबीनच्या दाण्यांतले खडे चाचपून काढतो.

दुसऱ्या दिवशी तू गॅरेज उघडलंस. मी रस्ता ओलांडून आलो. तू मला शिवी देशील, पाना फेकून मारशील, म्हणशील की वसंता, तुला लाज आहे का. मी तयारीनेच आलो होतो. तू मान वर न करता म्हणालास, "तुही गाडी चालू झाली का रे? पोराईले सांगतलं म्या, काम्पुटर बंद पडला होता तिचा." आणि पुन्हा रेडिएटरमध्ये डोकं घातलंस. मी म्हणालो, "झाली." दोन अक्षरं. तुझा खोटेपणा मी एका शब्दात घेतला आणि खिशात टाकला. तुझा राग कुठे गेला होता तेव्हा? पोरांनी हवा कमी भरली तर तू दिवसभर ओरडायचास. माझ्यावर ओरडण्याइतकीही माझी किंमत नव्हती का? तू ओरडला असतास तर मी त्याच दिवशी सुदामच्या घरी गेलो असतो, पाया पडलो असतो, काहीतरी केलं असतं. तू मला तेवढी संधीच दिली नाहीस. या गोष्टीचा राग मला सहा वर्षं येतो आहे, आणि आता तो घेऊन मी कुठे जाऊ?

त्यानंतर आपला वाद बदलला. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. तू बाकी सगळं मान्य करायचास. ब्रेक तुझे बरे, एसी बरा, पावसात काचेवर धुकं धरत नाही तेही बरं. काळ्या मातीत माझी गाडी रुतली आणि तू बैलजोडीने ओढून काढलीस, तेव्हाही तू फार चिडवलं नाहीस. पण वेळेचं निघालं की तू हटून बसायचास. "माही गाडी बी तितक्याच टायमात जाते यवतमाळले. काही फरक नाई पडत." मी चिडायचो. पहिल्या आठवड्यातलं तुझ्याच तोंडचं वाक्य तुला ऐकवायचो, तर म्हणायचास, "मी असं बोल्लोच नाई." मी म्हणायचो, चल, दोन्ही गाड्या एकदम काढू, घड्याळ लावू. दर वेळी तुझं काहीतरी निघायचं. टायर, पाणी, पाहुणे. मी गिऱ्हाइकांसमोर तुझी चेष्टा केली, की हा घाबरतो, याच्या म्हातारीचं पितळ उघडं पडेल म्हणून घाबरतो. तू ऐकून घेतलंस. तुझ्या एका पोराने तर गॅरेजच्या फळ्यावर शर्यतीची तारीखसुद्धा लिहिली होती. तू ती ओल्या फडक्याने पुसलीस आणि दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस. मी म्हणालो, हट्टी आहे, जाऊ दे.

गेल्या मंगळवारी तू गेलास तेव्हा मी रस्ता ओलांडून पळत आलो. माझी गाडी चालू करून दाराशी लावायला सांगितली. काही अंथरायचं सुचलं नाही. पण तू गॅरेजच्या बाकावर बसल्या बसल्याच संपला होतास, आणि इतकी वेगवान गाडी दारात नुसती घरघरत राहिली.

काल भाषणं संपल्यावर वंदना माझ्याजवळ आली. पांढरं लुगडं नेसली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, मधू फार हट्टी होता, त्याच्या गाडीला हळू म्हटलेलं त्याला खपायचं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमाले त्यायनं सांगतलंच नाई का, भाऊ? दवाखान्यात डाक्टर बोल्ला होता. घंटाभर आधी आनलं असतं तं डोये वाचले असते, म्हने. मधुभाऊ मंग भिंतीले टेकून खाली बसला. मले म्हने, वंदना, हे वसंताले सांगू नको. थ्याले झेपनार नाई."



मग हा सहा वर्षांचा तुझा हट्ट. फळ्यावरची तारीख पुसणं. टायर, पाणी, पाहुणे. शर्यत लागली असती, घड्याळ लागलं असतं, तर यवतमाळच्या वेशीवर मला कळलं असतं की किती वेळ गेला होता. तू मला ते कळू दिलं नाहीस. स्वतःच्या गाडीवरून स्वतःचं हसं करून घेतलंस, मी टाळ्या वाजवल्या, आणि तू मला झाकत राहिलास. मधू, तुझ्यावर मी फार चिडलो आहे. कोणी सांगितलं होतं तुला? मला झेपलं नसतं हे ठरवणारा तू कोण? आणि तुझे उपकार मी फेडू कुठे, हेही आता कोणाला विचारू? त्या दुपारी तू हँडल मारलंस म्हणून सुदाम आज जिवंत आहे. मी माळ्यावर होतो.

मी वंदनाला विचारलं, "तुला माहीत होतं? माझी गाडी बंद नव्हती ते?"

ती म्हणाली, "मी पायरीवरच होती ना, भाऊ. तुमी आत गेल्ते, थे दिसलं मले." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. सुदामकडे मान वळवून ती म्हणाली, "यायले नाई सांगतलं. कायले सांगाचं."

सुदाम पलीकडे खुर्चीवर बसला होता. माझा आवाज ओळखून त्याने हात पुढे केला, मी तो धरला. तो म्हणाला, "वसंतभाऊ, मधुभाऊ गेला. त्या दिशी तुमची गाडी बंद नसती पडली तं त्याले एवढा तरास नस्ता झाला. उनात पानी आनून आनून दमला होता तो, वंदना सांगते." त्याला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, मधू. माझी नवी गाडी ऐन वेळेला बंद पडली म्हणून सहा वर्षं त्या माणसाला माझ्यासाठी वाईट वाटत होतं.

तर ऐक. वाद मी जिंकलो. माझी गाडी तुझ्या गाडीपेक्षा चांगली होती, सगळ्याच बाबतीत चांगली होती, त्या दिवशीसुद्धा. हे मी आता कोणासमोरही सांगायला तयार आहे.

मी सुदामसमोर जमिनीवर बसलो. म्हणालो, "सुदाम, माझी गाडी बंद नव्हती. मधू खोटं बोलला. गाडी चालू होती."

वंदना म्हणाली, "राहू द्या ना, भाऊ, आता."

सुदामने माझा हात सोडला नाही. त्याने तोंड माझ्या दिशेने वळवलं, जरा चुकलं, माझ्या खांद्याकडे बघत राहिला. "मंग काहून नाई नेलं?"

"सीट खराब होईल म्हणून ताडपत्री शोधत होतो."

तू असतास तर इथे मध्ये पडला असतास, काहीतरी गाडीचं काढलं असतंस, चहा सांगितला असतास. सुदाम म्हणाला, "पुन्यांदा सांगा."

तू नव्हतास. मी पुन्हा सांगितलं.